पाचवा कॉर्नरबॅक: किमान पगारावर घ्यावा की ३० लाख डॉलर मोजावेत?

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये मार्चमधले मोठे करार उरकले की पाचव्या कॉर्नरबॅकची (पास झेलणाऱ्याला रोखणाऱ्या बचावपटूची) जागा बहुतेक संघांत रिकामीच असते. समोर दोन पर्याय येतात: पाच हंगाम खेळलेला आणि किमान पगारावर यायला तयार असलेला खेळाडू, किंवा तेवढ्याच अनुभवाचा, जरा नावाजलेला आणि ३० लाख डॉलर मागणारा. पुढचा हिशेब २०२५ च्या नियमांनुसार आहे. त्या वर्षी प्रत्येक संघाची पगारमर्यादा, म्हणजे कॅप, २७.९२ कोटी डॉलर होती.

पहिल्याचा पगार ११.७ लाख आणि बोनस जास्तीत जास्त १.६७५ लाख, म्हणजे त्याला १३.३७५ लाख मिळतात. कॅपवर मात्र त्याचा पगार दोन हंगाम खेळलेल्याइतकाच, १०.३ लाख धरतात. बोनस धरून ११.९७५ लाख. ही सवलत एक वर्षाच्या करारालाच मिळते. शिवाय हंगाम सुरू होईपर्यंत कॅपमध्ये सर्वांत महाग ५१ जणांचेच पगार मोजतात. तो आत आल्यावर ९.६ लाखांचा कोणी यादीबाहेर पडला, तर नवा भार जेमतेम २.३७५ लाखांचा.

दुसऱ्याचा करार साधारण असा बांधतात: सायनिंग बोनस (सही केल्याबद्दलची रक्कम) १० लाख, पगार १५ लाख (त्यातले ५ लाख गॅरंटीचे) आणि मैदानात उतरण्याच्या यादीत असेल त्या प्रत्येक सामन्याला ३० हजार. १७ सामन्यांचे ५.१ लाख होतात, पण गेल्या हंगामात तो १० सामनेच खेळला असेल तर कॅपवर सुरुवातीला ३ लाखच धरतात. एकूण भार २८ लाख.

खरा फरक ऑगस्टमध्ये कळतो. सराव शिबिरात एखादा नवखा त्याच्यापेक्षा सरस ठरला, तर पहिल्याला सोडताना १.६७५ लाख बुडतात आणि दुसऱ्याला सोडताना १५ लाख. मग ‘पैसे दिलेत तर ठेवूया’ म्हणत नवख्याला सोडलं जातं. तो वेव्हर्सवर जातो, म्हणजे इतर संघांना त्याच्यावर दावा सांगता येतो, आणि दुसरा संघ त्याला उचलतो. चार हंगाम पूर्ण केलेल्याला त्या वेळी वेव्हर्स लागत नाहीत, त्यामुळे त्याला मोकळं करून पुन्हा बोलावता येतं; तो तोवर दुसरीकडे सही करू शकतो, तेवढी जोखीम आहे. पहिल्या सामन्याच्या ५३ जणांत त्याचं नाव असेल, तर नंतर काढलं तरी हंगामाचा उरलेला पगार तो मागू शकतो (कारकिर्दीत एकदाच). म्हणून बरेच संघ अशा खेळाडूशी पहिला सामना उरकल्यावरच सही करतात.

मैदानावरचा निकष मात्र आकडेवारीत शोधू नका. राखीव खेळाडूच्या वाट्याला वर्षाकाठी दीडशे-दोनशेच कव्हरेज स्नॅप (पास रोखण्याचे डाव) येतात. त्यात दोन लांब पास सुटले की सगळी सरासरी कोसळते. त्यापेक्षा चित्रफितीत तीन गोष्टी पाहा: पंटवर, म्हणजे चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याला दिला जातो तेव्हा, तो गनर (कडेने धावत जाणारा) म्हणून दोघांना चुकवून चेंडू परतवणाऱ्यापर्यंत पोचतो का, स्लॉटमध्ये (कडेपासून आतल्या जागेवर) उभा राहतो का, आणि वेगात मागे पडला की हात धरून पेनल्टी ओढवतो का. सामन्याला जास्तीत जास्त ४८ जणच गणवेशात असतात. स्पेशल टीम्समध्ये (पंट, किकऑफसारख्या किकच्या डावांत) न खेळणारा पाचवा कॉर्नर बहुतेक रविवारी साध्या कपड्यांत बसतो, मग तो कितीही स्वस्त असो. २०२४ पासून किकऑफचे नियम बदलले, चेंडू परतवण्याचं प्रमाण वाढलं, त्यामुळे या कामाची किंमतही वाढली.

३० लाख एकाच परिस्थितीत पटतात. तुमचा स्लॉट कॉर्नर दुखापतीतून परतत असेल आणि हा माणूस स्लॉट व कडेची जागा दोन्हीकडे खेळू शकत असेल, तर तो कागदावर पाचवा असला तरी प्रत्यक्षात तिसरा ठरतो. आजकाल बहुतांश डावांत पाच बचावपटू मागे असतात, म्हणजे तिसरा कॉर्नर जवळपास नियमितच खेळतो. तेव्हाही घासाघीस एकूण रकमेवर न करता सायनिंग बोनसवर करा: १० ऐवजी ५ लाख, आणि उरलेले प्रत्येक सामन्याच्या बोनसमध्ये. एजंट तेवढ्यावर तयार नसेल, तर किमान पगारवाल्याला बोलवा.