चारशे रुपयांचं कथालेखन शिबिर: माझं एक पान आणि सरांची पेन्सिल

बेळगावच्या शहापुरातल्या एका वाचनालयानं जुलैच्या एका रविवारी ठेवलेल्या कथालेखन शिबिराला जाऊन आले. फी ४०० रुपये, त्यात दोनदा चहा, सकाळी उप्पीट, दुपारी जेवण. आम्ही बावीस जण होतो. शिकवायला कोल्हापूरकडचे एक कथालेखक, तीन संग्रह नावावर असलेले. पुढच्या खेपेला जावं की नको असा विचार करणाऱ्यांसाठी जरा सविस्तर लिहिते.

आधी तक्रार सांगते. दहाचं शिबिर पावणेअकराला सुरू झालं आणि त्यातही पाऊण तास सत्कारात गेला. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, तीन पाहुण्यांची मनोगतं. प्रास्ताविकाची सुरुवात १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनापासून. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्या संमेलनात झाला याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे, पण पैसे भरून लिहायला शिकायला आलेल्या माणसांचा वेळ त्यात जायला नको होता. टेबलं नव्हती. दिवसभर मांडीवर वही धरून लिहिलं, संध्याकाळी मान अवघडली होती.

तरीही पैसे वसूल झाले असंच म्हणेन. कडोली, उचगाव, येळ्ळूरची संमेलनं मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय. तिथं लेखक मंडपात लांब व्यासपीठावर असतो, कथाकथन रंगतं, आपण टाळ्या वाजवून घरी येतो. आपलं पान त्याच्या हातात देता येत नाही. इथं तेच करायचं होतं: प्रत्येकानं आपल्या कथेचं एक पान आणायचं, मोठ्यानं वाचायचं, आणि सर पेन्सिल घेऊन शेजारी बसणार. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम आठ-दहा मिनिटं आली.

माझी कथा माहेरची आहे. वडगावात आमच्या घरी चार माग होते. आई स्वयंपाकघरात असायची, भाऊ मागावर. पानावर आईचं एक वाक्य होतं: ‘दुसरा माग बंद पडला आहे, तू तिथे काय करतो आहेस?’ तिथं सरांनी मला थांबवलं.

“ताई, आई खरंच अशी बोलते?”

नाही बोलत. आई म्हणायची, “दोन नंबर थांबला बघ. काय करूलास रं तिथं?”

मग तसं का लिहिलं नाही, असं त्यांनी विचारलं. मी जे होतं ते सांगितलं. शाळेत ‘करूलास’ लिहिलं की बाई लाल शाईनं गोल करायच्या, आणि बाईंचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. सरकारी कागद कन्नडमधून येतो, मराठी शाळेला पट जमवायला शिक्षक दारोदार फिरतात. अशा गावात मराठी नीट लिहिता येणं ही आमच्यासाठी शोभेची गोष्ट नव्हती. आपलं मराठी कुणी अशुद्ध म्हणू नये म्हणून आम्ही बोलतो एक आणि लिहितो एक.

सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “निवेदन तुमचं आहे, ते तुम्ही शिकलात तसंच लिहा. आईच्या तोंडचं वाक्य मात्र आईचं आहे. ते सुधारायचा हक्क तुम्हाला नाही.”

एवढ्यासाठी मी चारशे काय, हजार दिले असते.

पुढचा प्रश्न त्याहून बारीक होता. स्वयंपाकघरातून आईला कळायचं कसं, की दोन नंबरच थांबला? मी सांगितलं, सुताची कांडी संपली की माग थांबतो, पण चार मागांच्या खडखडाटात एक गेलेला बाहेरच्या माणसाला ओळखू येत नाही. दोन नंबर भिंतीला लागून होता. तो चालू असला की फडताळातल्या वाट्या किणकिणायच्या. वाट्या गप्प झाल्या की आई हाक मारायची. सरांनी पान उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. “हे कुठंय यात?” कुठंच नव्हतं. त्या जागी मी ‘आईच्या डोळ्यांत दुःखाचा सागर दाटला होता’ असं लिहिलं होतं. त्याखाली त्यांनी फक्त एक रेघ ओढली.

एका गोष्टीत सरांचं पटलं नाही. कन्नड बोलणाऱ्या कामगाराला आई “साकु, उद्या बघू” म्हणते, तिथं ‘साकु’चा अर्थ पुढच्या वाक्यात द्या म्हणाले. मी देणार नाही. माग बंद करून माणूस घरी निघालाय, वाचणाऱ्याला ‘पुरे’ कळतंच. शिवाय आमच्या घरात तो शब्द परका नव्हता.

शेवटचा तास छपाईचा. तो घाईत उरकला, पण कामाचं बरंच मिळालं. दिवाळी अंकाला कथा पाठवायची तर पावसाळ्याच्या आधीच तयार हवी, दसऱ्याच्या तोंडावर पाठवून उपयोग नाही. प्रकाशकानं पैसे मागितले तर ती स्वखर्चाची छपाई आहे, तसं समजूनच द्यायचे. करारात प्रती किती, मानधन किती टक्के आणि हक्क किती वर्षांसाठी हे लिहून घ्यायचं. मुदत लिहिली नसेल तर कायद्यानं ती पाच वर्षांची धरतात, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. मी साडीच्या दुकानात हिशेब लिहिते, रोज कागद हाताळते, तरी लेखकानंही करार वाचायचा असतो हे डोक्यात आलं नव्हतं.

त्या रात्री आईला नवं पान वाचून दाखवलं. ती म्हणाली, “वाट्या नव्हं गं, पितळी डबे. वाट्या खालच्या फळीवर.” ते दुरुस्त केलंय.

पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे म्हणतात. जाणार असाल तर पान दोन प्रतींत न्या, ओळींत मोकळी जागा सोडा, आणि वहीखाली धरायला एक जाड पुठ्ठा बरोबर ठेवा. सत्कार तेवढा आवरता घ्यावा, असं अभिप्रायाच्या वहीत मी लिहून आलेय, तुम्हीही लिहा.