कुत्र्याची टूथपेस्ट आणि ब्रश: सात महिन्यांचा अनुभव

आमचा सुलतान ग्रेट डेन, सहा वर्षांचा, वजन 58 किलो. या जातीचे ओठच सैल, लाळ गळायचीच. मांडीवर पंचा टाकूनच आम्ही त्याच्याजवळ बसतो. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात लाळ वाढली ते लवकर ध्यानात आलं नाही. वाटलं, अंगणात बेडूक तोंडात धरला असेल. मग एक दिवस त्याची गोधडी उचलली तर फक्त उजवी बाजू चिंब, आणि त्या ओलीला गुलाबी झाक. भाकरीचा तुकडा तो डावीकडे सरकवून चावत होता. रात्रभर फरशी चाटायचा.

एका दवाखान्यात तोंड न उघडताच उलटीच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी ओठ वर केला, तर वरची मोठी दाढ चिरलेली, मुळाशी पू. रविवारी मटण आणि नळी सुलतानला, हा आमच्या घरचा नेम. दाढ त्यानंच गेली. भूल देऊन ती काढली, बाकीच्या दातांचं किटण साफ केलं आणि ही पेस्ट सुरू झाली.

चिकनच्या चवीमुळे तो आपणहून तोंड पुढे करतो. गिळली तरी चालते, चूळ नको. आपली टूथपेस्ट मात्र कधीच लावू नका. काहींत झायलिटॉल हा गोडी आणणारा पदार्थ असतो, तो कुत्र्याला विषारी आहे. सोबतची बोटात घालायची रबरी टोपी पंधरा दिवसांत फाटली. मोठ्या कुत्र्याला लांब दांड्याचा ब्रशच घ्या, मागच्या दाढांपर्यंत तोच पोचतो. जुनं, घट्ट बसलेलं किटण याने निघत नाही; नवं बसू नये म्हणून रोज घासायचं. तोंडाचा वास महिन्याभरात गेला.

फरशी चाटणं मात्र पूर्ण थांबलं नव्हतं. पहाटे रिकाम्या पोटी पिवळी उलटी व्हायची. डॉक्टरांच्या सल्ल्याने झोपताना थोडं खाणं सुरू केलं, तेव्हा ते थांबलं.

मोठ्या कुत्र्यांच्या घरी एवढं नक्की माहीत हवं: लाळ गळतेय, उलटीचे उमाळे येतात पण काही पडत नाही आणि पोट फुगलंय, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो, रात्र असली तरी त्याच क्षणी दवाखाना गाठा. आणि लाळेसोबत गिळता येत नसेल, वागणं बदललं असेल, तर तोंडात हात घालू नका. तो रेबीज असू शकतो.

आता चौथी ट्यूब चालू आहे. दुकानात कधी कधी मिळत नाही, म्हणून दोन एकदम आणतो. मटणाच्या नळीचं हाड देणं बंद केलं. रविवारी त्याला शिजवलेलं बिनहाडाचं मटण, बिनमिठाचं.