16 जीबी रॅमचा जुना थिंकपॅड: दिवाळी अंकांच्या एका हंगामानंतर

मी कोल्हापुरात दिवाळी अंकांची पानं लावते. श्रावण लागला की पानं लावायचं इनडिझाइन, फोटोशॉप आणि लेखकांच्या दुरुस्त्या येत राहतात ते व्हॉट्सअ‍ॅप वेब, तिन्ही दिवसभर उघडी. आधीचा लॅपटॉप कोरा घेतला होता, 8 जीबी रॅम (चालू काम धरून ठेवणारी मेमरी) आणि 1 टीबी एसएसडीचा (फाइली साठवायची जागा). जागा भरपूर मिळतेय एवढंच पाहिलं. 212 पानांचा अंक आणि मुखपृष्ठाची फाइल एकदम उघडली की टास्क मॅनेजरमध्ये मेमरी 96 टक्के, पान उलटायला चार-पाच सेकंद. रॅम भरली की विंडोज काही भाग एसएसडीवर नेऊन ठेवतं, लागला की परत आणतं. एसएसडी कितीही वेगवान असली तरी रॅमपुढे ती हळूच. रॅम वाढवायला घेऊन गेले तर ती बोर्डवरच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची डाग देऊन जोडलेली निघाली. 700 जीबी जागा रिकामी पडलेली आणि जे हवं तेच वाढवता येत नाही! त्या रात्री मला रडू आलं होतं.

म्हणून या वर्षी पुण्यात टिळक रोडवरच्या एका दुकानातून लेनोव्होचा वापरलेला थिंकपॅड टी480 घेतला, 22,500 रुपयांना. त्याच किमतीत दोन पर्याय होते: 8 जीबी रॅम व 512 जीबी एसएसडी, किंवा 16 व 256. दुकानातला मुलगा म्हणाला, "ताई, 512 घ्या, पुढे जागा कमी पडेल." मी म्हटलं, आधी उघडून दाखव.

त्याने मागची बाहेरची बॅटरी काढली, स्क्रू सैल केले (ते झाकणातच अडकून राहतात, हरवत नाहीत) आणि झाकण उचकटलं. आत रॅमचे दोन खाचे, एकात 16 ची पट्टी, दुसरा रिकामा. त्याने ती पट्टी काढून दाखवली, मग तिरकी बसवून खाली दाबली, दोन्ही बाजूंच्या चिमट्या 'टक्' करून लागल्या. मी 16 आणि 256 वालाच घेतला. टी480एस मात्र वेगळा, त्यात थोडी रॅम बोर्डवर असते आणि खाचा एकच. दुकानात नाव नीट वाचून घ्या.

यंदा तीन अंक एकाच वेळी हातात होते, मेमरी 80 टक्क्यांच्या वर गेली नाही. 2018 चं मॉडेल आहे, पण आठव्या पिढीचा प्रोसेसर असल्याने विंडोज 11 रीतसर चालतं. कीबोर्डवर दिवसभर मराठी टाइप करूनही बोटं दुखत नाहीत. स्क्रीन 250 निट्सचा (निट म्हणजे उजेडाचं माप), म्हणजे जरा मंद, आणि रंगही फिके दाखवतो, त्यामुळे मुखपृष्ठाचे रंग मी वेगळ्या मॉनिटरवरच पाहते.

आणि जागा? 256 मधले विंडोजला 238 दिसतात. सगळी सॉफ्टवेअर टाकून निम्मी उरली. एका अंकाचं फोल्डर, फोटोंसकट, 6-7 जीबीचं. छापून झालेले अंक मी बाहेरच्या 1 टीबी एसएसडीवर हलवते, पाच मिनिटांचं काम. रॅम अशी केबलने बाहेर जोडता येत नाही.

पुढच्या आषाढात रिकाम्या खाचात आणखी एक 16 ची पट्टी टाकणार आहे. हा लॅपटॉप डीडीआर4 चा (रॅमची एक पिढी), त्यापुढच्या डीडीआर5 ची पट्टी यात बसत नाही.