इंधनावर कर की किलोमीटरवर?

रस्त्यांचा खर्च भागवायला गाडीवाल्यांकडून पैसे घ्यायचे, तर ते इंधनामागे घ्यावेत की धावलेल्या अंतरामागे?

इंधनकराची वसुली बिनबोभाट होते. कर पंपावरच्या दरातच मिसळलेला असतो, त्यामुळे चुकवायला फारशी जागा नाही. अमेरिकेत ओरेगॉनने १९१९ मध्येच तो लावला. पण लिटरमागची रक्कम ठरावीक ठेवली की महागाई तिला खाते. अमेरिकेचा केंद्रीय पेट्रोलकर १९९३ पासून गॅलनमागे १८.४ सेंटवरच अडकून आहे. आणि विजेवरची गाडी तर हा कर भरतच नाही, रस्ता मात्र वापरते.

न्यूझीलंडमध्ये डिझेल गाडीचा मालक हजार किलोमीटरच्या हिशेबाने आगाऊ परवाना घेतो. १ एप्रिल २०२४ पासून विजेवरच्या गाड्याही त्यात आल्या. अवजड गाड्यांचे दर वजन आणि आसांच्या (चाकांच्या जोड्या जोडणाऱ्या दांड्यांच्या, म्हणजे ॲक्सलच्या) संख्येनुसार चढत जातात, आणि मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज ढोबळमानाने सोळापट होते. ट्रक इंधन जास्त पितो खरा, पण सोळापट नव्हे! म्हणजे इंधनकरात ट्रकने केलेल्या खड्ड्यांचा भार छोट्या गाडीवाल्यावर पडतो.

अंतरकराची वसुली मात्र महाग पडते, अंतर मोजणाऱ्या मीटरमध्ये (ओडोमीटरमध्ये) फेरफारही होऊ शकतो. जीपीएस बसवले तर कोण कुठे गेले याची नोंद सरकारजमा होते. ते मला अजिबात मान्य नाही. वार्षिक तपासणीत ओडोमीटरचा आकडा टिपला तरी भागते. तेवढ्या अटीवर माझा कौल अंतरकराला, सुरुवात अवजड वाहनांपासून.