वर्षश्राद्धाला मागवलेली सांबारवडी
आईला जाऊन वर्ष झालं, वर्षश्राद्धाला तिच्यासारखी सांबारवडी, म्हणजे सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) भरून तळलेली वडी, हवी होती पण आमच्यापैकी कोणालाच तशी जमत नाही म्हणून नागपूरच्या महाल भागातल्या एका काकूंकडे ऑर्डर दिली, साठ नग. हिवाळ्यात सांबार स्वस्त झाला की आई जुड्याच्या जुड्या निवडत बसायची, पहिला घाणा नातवंडांना आणि स्वतः मात्र शेवटी फुटलेल्या वड्या खायची. काकूंची वडी एकदम खुसखुशीत, आत खसखस-खोबरं भरपूर, पारीला आतून चिंचेचा हात पण लावलेला, सोबत कढी. तेल जरा जास्त वाटलं, पण ठीक आहे. माझी पोरगी पहिला घास खाऊन गप्पच बसली, मग हळूच म्हणाली, आजीसारखी आहे. पुढच्या वर्षीही यांच्याकडूनच घेणार.