गाजर घासेचं ‘अनुदान’ आणि माझे २५,७२४ रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे लपवला असं वाटायला नको. २५,७२४ रुपये. त्यातले १९,९५४ माझे आणि ५,७७० वहिनींचे, जे मीच आग्रह करून त्यांना भरायला लावले. पहिल्या रकमेचा राग येतो. दुसऱ्या रकमेमुळे गेले कित्येक दिवस त्यांच्या घरी चहाला जाता आलेलं नाही.

आता हसायचं असेल तर हसून घ्या : मी ३४ वर्षं ट्रेझरीत काढली आहेत. सरकारच्या तिजोरीत पैसा चलानाशिवाय जात नाही आणि बिलाशिवाय बाहेर येत नाही, हे मी नव्या पोरांना शिकवायचो.

इंदूरजवळ देपालपूरच्या रस्त्याला आमची जमीन आहे, खसऱ्यात (म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत) २.१ हेक्टर. सोयाबीन आणि त्यावर गहू, बटाईनं दिलेली. पीक बटाईदार बघतो, पण बांध आणि ओढ्याकडचा तुकडा कुणाचाच नसल्यासारखा पडून असतो आणि तिथं कंबरेइतकी गाजर घास माजते. महाराष्ट्रातले नातेवाईक तिला काँग्रेस गवत म्हणतात. पन्नासच्या दशकात अमेरिकेच्या गव्हाबरोबर आली, पुण्यात पहिल्यांदा दिसली, ही कथा आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. एका झाडाला हजारोंनी बी धरतं. मला तिची ऍलर्जी आहे. शेतावर जाऊन आलो की मान आणि कोपराच्या आतली बाजू आठ-आठ दिवस खाजते. तेव्हा त्या घाशीवर कुणी इलाज सांगितला तर मी ऐकून घेणारच होतो. लोभ सुटला म्हणून मी फसलो नाही, हे कृपा करून लक्षात ठेवा. निदान पहिल्या ८,३६० रुपयांपर्यंत तरी नाही.

दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर घास जागरूकता सप्ताह असतो, जबलपूरची तण संशोधनवाली मंडळी तो पाळतात. पेपरात बातम्या येतात, कुठं शाळेची मुलं हातमोजे घालून घास उपटताना दिसतात. २०२४ मध्ये नेमक्या २१ ऑगस्टला घरी एक तरुण आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, आणि उंबऱ्यातच म्हणाला, “काका, नमस्कार. आत येऊ का?” मराठीत.

इंदुरात राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. दिवसभर दुकानात, बँकेत, दफ्तरात हिंदी बोलून आपली जीभ तशीच वळलेली असते. घरात येऊन कुणी “काका” म्हणालं की आपण पाघळतो. मी पाघळलो. आजोळ कुठलं, रामबागेत कुणाला ओळखतोस, वगैरे चौकशा मीच केल्या. माझ्या प्रश्नांतूनच त्याला माझी निम्मी माहिती मिळाली आणि उरलेली त्याच्याकडे होतीच. माझा खसरा नंबर त्यानं तोंडपाठ म्हणून दाखवला. मी थक्क! अरे, भूलेख या जमीननोंदींच्या पोर्टलवर गाव निवडलं की कुणाचाही खसरा कुणालाही दिसतो. नंबर माहीत असण्याला काडीची किंमत नाही. तुमच्या दारात कुणी नंबर म्हणून दाखवला तर त्याला पाणीसुद्धा विचारू नका.

योजना त्यानं अशी सांगितली : शेतमालक आणि सरकार यांच्या भागीदारीतून घास काढायची. खर्च हेक्टरी १४,८०० रुपये, त्यात ७५ टक्के सरकारचे, २५ टक्के मालकाचे. माझ्या २.१ हेक्टरचे ३१,०८०, म्हणजे माझा वाटा ७,७७०. मी विचारलं, “अरे, शेतात सोयाबीन उभं आहे. घास फक्त बांधावर आणि ओढ्याकडे आहे. सगळ्या रकब्याचे पैसे कशाला?” तो म्हणाला, “काका, योजना खसऱ्यावर आहे, तुकड्यावर नाही.” हे उत्तर इतकं अस्सल सरकारी होतं की मी मान डोलावली. ३४ वर्षं असलीच उत्तरं मी स्वतः दिली होती ना.

शिवाय औषधाचं एक कारण त्यानं पुढं केलं. २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्रानं ग्लायफोसेट या तणनाशकावर निर्बंध आणले, ते कीड नियंत्रण करणाऱ्या प्रशिक्षित माणसाकडूनच मारून घ्यायचं अशी अधिसूचना निघाली. ही गोष्ट खरी आहे, मी वाचलेली होती. म्हणून “तुम्हाला स्वतः मारता येणार नाही, टीम आमची येईल” हे पटलं. ही माणसं अर्धं खरं बोलतात आणि त्या खऱ्या अर्ध्याची खातरजमा आपण स्वतःच करून ठेवलेली असते.

आणखी एक. आमच्या बटाईदारानं दोन वर्षांपूर्वी कृषि यंत्र अनुदानातून रोटावेटर घेतला होता. तिथं अर्जाबरोबर डीडी जोडावा लागतो, निवड झाली नाही तर तो परत मिळतो. त्यामुळे ‘आधी पैसे’ यात मला वावगं वाटलं नाही. पण तो डीडी सहायक कृषि यंत्रीच्या नावानं असतो, शेतकऱ्याच्या स्वतःच्या खात्यातून काढलेला. पदाच्या नावानं! मी २४ ऑगस्टला ५९० रुपये नोंदणीचे आणि २७ ला ७,७७० वाट्याचे यूपीआयनं दिले, तेव्हा फोनच्या पडद्यावर कुठल्याशा ट्रेडर्सचं नाव आलं. मी ते वाचलं. मोठ्यानं वाचलं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “ट्रेडर्स कशाला?” आणि मी तिला सांगितलं, “एजन्सी असते गं, तुला नाही कळायचं.” हे वाक्य ती आता रोज परत करते, आणि तिला तो हक्क आहे.

पण मला डाचते ती पावती.

पावती छापील होती, क्रमांक होता, निळा गोल शिक्का होता. त्यावर लिहिलं होतं ‘कृषी विभाग’. दीर्घ ई. मी ती पावती चश्मा लावून वाचली, मुलाला पाठवली, फाइलला लावली. मध्यप्रदेशातलं कुठलंही सरकारी दफ्तर ‘कृषि’ लिहितं, ऱ्हस्व. हिंदीत तसंच आहे. दीर्घ लिहितो आपण, मराठीत. आणि इथल्या विभागाचं नावही एवढंसं नाही : किसान कल्याण तथा कृषि विकास विभाग. मी आयुष्यभर या विभागाची बिलं पास केली आहेत. हिंदी माणसाच्या डोळ्यांत ती दीर्घ ई खड्यासारखी खुपली असती. माझ्या मराठी डोळ्यांना ती बरोबर दिसली. शाळेत शुद्धलेखनाला पैकीच्या पैकी मिळवायचो, त्याचं हे फळ. शिक्का जिथं कुठं कोरला असेल तिथं मराठीत विचार करणाऱ्या माणसानं कोरला, आणि मराठीत वाचणाऱ्यानं तो खरा मानला.

पुढचं भराभर सांगतो, कारण आता सांगायलाही लाज वाटते. २ सप्टेंबरला फोन : एकूण रकमेवर १८ टक्के जीएसटी, ५,५९४ रुपये. वरचे ४० पैसे त्यानं माफ केले. अनुदानाच्या रकमेवर जीएसटी मी भरायचा, हे ऐकून ट्रेझरीतला शिपाईसुद्धा हसला असता. मी भरले, कारण ८,३६० आधी जाऊन बसले होते आणि ते वाया जाऊ नयेत असं वाटत होतं.

६ सप्टेंबरला टीम खरोखर आली. दोन माणसं, पाठीवरचे पंप, जिओटॅगवाले फोटो. रस्त्याच्या कडेची वीसेक पावलांची पट्टी मारली आणि “बाकीचं दुसऱ्या फेरीत” म्हणून गेले. आठवड्यात ती पट्टी पिवळी पडून वाळली. मी खूश. घास त्या वेळी पांढरीशुभ्र फुललेली होती. फुलावर येण्याआधी काढा, नाहीतर बी पडून जातं, हे त्या सप्ताहात दर वर्षी ओरडून सांगतात. फुललेल्या घाशीवर औषध मारणं म्हणजे वरात निघून गेल्यावर मांडव घालणं. त्याच आनंदात १२ तारखेला मी ६,००० रुपये ‘परत मिळणारी ठेव’ म्हणून दिले, आणि १३ तारखेला वहिनींना फोन केला. भाऊ गेल्यापासून त्यांचं १.४ हेक्टर त्या एकट्या बघतात. हिशेब मीच करून दिला : २०,७२० चे २५ टक्के ५,१८०, अधिक ५९०. त्यांनी एकच विचारलं, “भावजी, तुम्ही बघितलंय ना सगळं?” मी म्हटलं, बघितलंय.

दुसरी फेरी १७ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीला. तेव्हाच मला खटकायला हवं होतं. त्या दिवशी इंदुरात कुठला सरकारी माणूस कामावर असतो? रात्री झांक्या (सजवलेले चित्ररथ) निघतात, दुपारपासून रस्ते बंद व्हायला लागतात. मी शेतावर चार वाजेपर्यंत बसलो. फोन बंद. दुसऱ्या दिवशीही बंद.

इथं मी सगळ्यात मोठी चूक केली. पैसे जाण्यापेक्षा मोठी. सहा दिवस कुणाला सांगितलंच नाही. लोक काय म्हणतील, ट्रेझरीवाला फसला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा तो त्याच तासात, पैसे समोरच्या खात्यातून पुढं सरकण्याआधी. मी २३ तारखेला केला. तोवर तिथं काय उरणार होतं? तुम्ही लाज नंतर बाळगा, आधी नंबर फिरवा.

मग सुरू झाली दफ्तरांची परिक्रमा. ठाण्यात सांगितलं, यह साइबर का है. सायबरवाल्यांनी विचारलं, माणूस घरी आला होता का? हो. पावती दिली? हो. “फिर तो यह थाने का मामला है।” परत ठाण्यात गेलो तर ते म्हणाले, शेत ज्या हद्दीत आहे तिथल्या ठाण्यात जा. तिथं म्हणाले, पैसे इंदुरातून दिले, तिकडंच जा. चार वेळा अर्ज लिहिला, चार वेळा झेरॉक्स काढल्या, आधार, बँकेचं स्टेटमेंट, पावती. एकानं तर पावतीकडे बघून शांतपणे विचारलं, “अंकल, आप तो पढ़े-लिखे लगते हो?” शेतीच्या दफ्तरात गेलो की तुमच्या नावाचा खोटा शिक्का फिरतोय, निदान लोकांना सावध करा. उत्तर मिळालं, “ऐसी कोई योजना ही नहीं है, तो हमारा इससे क्या लेना-देना?” अहो, योजना नाही हेच तर सांगायला हवं ना गावोगावी! एक कागद पंचायतीच्या भिंतीवर चिकटवायला काय लागतं? डिंकाला बजेट नसेल तर मी देतो.

वरच्या कार्यालयात अर्ज दिला, तो फिरून त्याच दफ्तरात आला, ज्याची मी तक्रार केली होती. हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तर एका बाबूचे रोज फोन. तपास करायला नाही, तक्रार बंद करायला. “सर, आपकी वजह से हमारी पेंडेंसी दिख रही है।” माझे पैसे गेले ते कुणाला दिसत नाहीत, यांची पेंडन्सी दिसते. दहाव्या फोनला मी चिडून ‘नाही’ म्हटलं, तरी दोन दिवसांनी मोबाइलवर मेसेज : आपकी शिकायत का निराकरण कर दिया गया है। मी पण फाइली निकाली काढलेल्या आहेत, पण खालचा कागद न बघता नाही.

ऑक्टोबरात भाच्याशी बोललो. तो अमेरिकेत कोलोरॅडोत असतो, शेताच्या शेजारीच घर आहे. त्यानं एकदा मला सांगितलं होतं की त्यांच्याकडे तण काढायला सरकार निम्मा खर्च देतं, आणि ते माझ्या डोक्यात बसलं होतं. म्हणूनच भागीदारीची भाषा ओळखीची वाटली. आता नीट विचारलं. तिकडे कायद्यानं तणांच्या अ, ब, क अशा याद्या आहेत, ‘अ’ यादीतलं तण दिसलं तर मालकाला ते उपटूनच टाकावं लागतं. पुष्कळ काउंट्या (तिकडचे जिल्हे) खर्चात वाटा उचलतात, पण आधी अर्ज, मंजुरी, कुणीतरी येऊन जमीन बघतं, मग मालक स्वतःच्या पैशानं काम करतो, आणि औषधाच्या, मजुरीच्या पावत्या दाखवल्यावर ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे परत येतात. म्हणजे मालकाचा वाटा कुणी घरी येऊन गोळा करत नाही. तो वाटा मालक दुकानदाराला आणि मजुराला देतो. मी भाच्याचं ‘सरकार देतं’ एवढंच ऐकलं होतं, ‘नंतर’ ऐकलंच नव्हतं.

ओढ्याकडचा तुकडा पुढच्या पावसाळ्यात सहा बाया लावून काढला. ३०० रुपये रोज, तीन दिवस, ५,४०० रुपये. हातमोजे, तोंडाला फडकं, जुलैतच, फूल यायच्या आधी, मुळासकट. मोकळ्या जागेत टाकळ्याचं बी फेकलं, तो तिला दबवतो म्हणतात. पानं खाणारा मेक्सिकन भुंगाही आहे, १९८४ पासून आपल्या देशात सोडलेला. तो पावसाळ्यात काम करतो आणि जीएसटी मागत नाही. रस्त्याकडची ती वाळलेली पट्टी मात्र सगळ्यात दाट उगवली.

वहिनींचे ५,७७० मी पाकिटात घालून नेऊन दिले. त्यांनी घेतले नाहीत. देव्हाऱ्यापाशी ठेवून आलो, तर दुसऱ्या दिवशी पुतण्याबरोबर परत आले, वर एक डबा चिरोट्यांचा.

पावती अजून माझ्याकडे आहे. देपालपूर, सांवेर, महू, हातोद, कुठंही कुणाच्या हातात असा निळा गोल शिक्का आणि त्यात दीर्घ ‘कृषी’ असेल तर कळवा, लाजू नका, मी कुणाचं नाव सांगणार नाही. एकट्याच्या अर्जाला इथं कुणी हिंग लावून विचारत नाही. पाच-सहा जण एकाच दिवशी, एकाच शिक्क्याच्या पावत्या घेऊन त्या ठाण्याच्या टेबलापुढे उभे राहिलो तर हद्दीचा प्रश्न तरी विचारता येणार नाही त्यांना. अर्ज मी लिहीन. चार वेळा लिहून पाठ झाला आहे.