कॉफी ग्राइंडर घ्यायचाय? आधी दूध किती घालता ते सांगा

‘इलेक्ट्रिक कॉफी ग्राइंडर कुठला घेऊ?’ असं कुणी विचारलं की माझा उलटा प्रश्न ठरलेला: कॉफीत दूध किती घालता, आणि गाईचं की म्हशीचं? हसण्यावारी नेऊ नका. कोल्हापूर म्हणजे गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढलेलं म्हशीचं दूध पिणारं हे गाव. इथली कॉफीही त्याच दुधात होते. सहा-सात टक्के फॅटचं दूध, दोन चमचे साखर आणि चिकोरी (भाजून दळलेलं एक मूळ) मिसळलेली पावडर एवढं एकत्र आलं, की बिया कशात दळल्या हे ओळखणारी जीभ विरळाच. तीच कॉफी बिनदुधाची, कागदी फिल्टरमधून गाळून घेतलीत तर दळणातली गडबड पहिल्या घोटाला कळते. म्हणून हजार-दीड हजारांत भागेल की पंधरा हजार मोजावे लागतील, हे तुमच्या कपात काय असतं त्यावर ठरतं.

घरी दळायच्या वाटा चार. घरातला मिक्सर, पात्याचा छोटा इलेक्ट्रिक ग्राइंडर, बर्रचा, म्हणजे दातेरी कड्यांचा इलेक्ट्रिक ग्राइंडर आणि हाताने फिरवायचा बर्र ग्राइंडर. दुकानदार पहिल्या वाटेबद्दल बोलत नाही आणि चौथी त्याच्याकडे बहुतेक वेळा नसतेच.

पातं की बर्र

पात्याचा ग्राइंडर म्हणजे मिक्सरचाच लहान भाऊ. तळाला पातं गरगरतं, बिया त्यावर आपटतात आणि फुटतात. कुठली बी किती वेळा पात्याखाली येईल यावर कुणाचा ताबा नसतो. बर्रमध्ये दोन दातेरी कडी असतात, एक स्थिर आणि एक फिरणारं. बी त्यांच्या फटीतून खाली येताना दात्यांनी कापली जाते आणि फटीएवढी बारीक झाल्याशिवाय बाहेर पडत नाही. पिठाच्या गिरणीत चाक फिरवून दगड जवळ-लांब करतात ना, तेच तंत्र इथे. बारीक दळायचं तर फट कमी करा, जाड हवं तर वाढवा. पात्याच्या यंत्रात बारीक-जाड ठरतं ते तुम्ही बटण किती वेळ दाबून धरलंत त्यावर.

फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर पात्यावर दळलेली पावडर चहाच्या बारीक गाळणीत घालून स्टीलच्या ताटलीवर हलकेच हलवा. ताटलीत पिठासारखी भुकटी साचते. गाळणीत मात्र अर्ध्या फुटलेल्या बियांचे तुकडे राहतात, काही तर डाळीच्या दाण्याएवढे. पाणी ओतलं की भुकटीतून सगळं काही निघून येतं, कडवटपणासकट. तुकड्यांच्या आतपर्यंत पाणी पोचतच नाही, तिथून आंबट, कच्ची चव येते. एकाच कपात कडूही आणि आंबटही लागत असेल तर बियांना दोष देण्याआधी ही गाळणी हलवून बघा.

दाक्षिणात्य स्टीलच्या फिल्टरमध्ये भुकटीचा त्रास वेगळाच. ती तळाच्या भोकांत जाऊन बसते आणि डिकॉक्शन (कॉफीचा घट्ट अर्क) टपकायचं थांबतं. लोक वरून चमचा आपटतात, फिल्टर हलवतात, मग एकदम गाळासकट खाली येतं. यावर घरगुती उतारा आहे: दळलेली पावडर एकदा त्याच गाळणीतून काढायची, वर राहिलेले तुकडे पुन्हा यंत्रात टाकायचे आणि अगदी पीठ झालेली भुकटी थोडी बाजूला ठेवायची. रोज सकाळी हे करायचा उत्साह कुणाला असतो, हा भाग निराळा.

पात्याचाच घ्यायचा ठरला तर बटण सलग दाबून धरू नका. दोन-तीन सेकंद चालवायचं, थांबायचं, यंत्र उचलून हलवायचं, पुन्हा दोन-तीन सेकंद. सलग चालवलं की पातं तापतं, बियांचं तेल सुटतं आणि कपात यायला हवा तो वास स्वयंपाकघरातच उडून जातो. यंत्राच्या झाकणाने मोजून, पाऊण झाकण भरेल एवढ्या बिया घाला. चार बिया तळाशी टाकून दळायला गेलात तर त्या नुसत्या उडत बसतात.

मिक्सरबद्दल थोडक्यात. चटणीच्या लहान भांड्यात, थांबत-थांबत, एका वेळी निदान भांड्याचा तिसरा हिस्सा भरेल एवढ्या बिया घेतल्या तर पात्याच्या ग्राइंडरएवढंच काम होतं. दुधाची फिल्टर कॉफी पिणाऱ्याने हजार रुपये खर्चायच्या आधी आठवडाभर हे करून बघावं. अडचण एकच, आणि कोल्हापुरात ती मोठी आहे. ज्या भांड्यात काल कांदा-लसूण चटणीचा हात फिरला, त्याचा वास कॉफी सोडत नाही. कॉफीसाठी वेगळं लहान भांडं घेऊन ठेवा. हाच नियम उलट्या बाजूनेही पाळायचा: घरी ग्राइंडर आला की धणे, जिरं, खसखस ‘जरा त्यात फिरवून घेऊ’ असा मोह होतो. पात्याच्या यंत्रात ते निदान धुता-पुसता येतं. बर्रमध्ये एकदा संकेश्वरी मिरची गेली की महिनाभर ठसका लागणारी कॉफी प्या.

बर्र: वीज की हात

खरी तुलना इथे आहे, आणि इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात.

चार-पाच हजारांत ‘इलेक्ट्रिक बर्र’ असं लिहिलेली यंत्रं ऑनलाइन भरपूर मिळतात. त्यातल्या कितीतरी यंत्रांत ज्याला बर्र म्हटलंय ते बोथट दात्यांच्या दोन चकत्या असतात. त्या बी कापत नाहीत, वेगाने चुरडतात. बर्र नावाला असला तरी भुकटी पात्यासारखीच निघते. फोटोत कड्यांचे दाते दिसत नसतील, कडी स्टीलची की सिरॅमिकची, शंकूच्या आकाराची की सपाट हे कुठेच लिहिलेलं नसेल, तर ते यंत्र सोडून द्या.

तेवढ्याच पैशात स्टीलच्या शंकू-बर्रचा, नीट बेअरिंगचा हातग्राइंडर येतो आणि दळण त्या स्वस्त इलेक्ट्रिकपेक्षा सरळ सरळ उजवं देतो. कारण साधं आहे. इलेक्ट्रिक यंत्राच्या किमतीत मोटर, गिअर, सर्किट, डबा या सगळ्यांचा वाटा असतो. हातग्राइंडरमध्ये जवळजवळ सगळा पैसा कड्यांत आणि दांड्यात जातो. एका कपाला १५ ग्रॅम बिया लागतात, चांगल्या हातग्राइंडरला त्या दळायला पाऊण-एक मिनिट. शिवाय पहाटे साडेपाचला उठून रंकाळ्याला फिरायला जाणाऱ्याने घरातल्यांची झोप न मोडता कॉफी करायची असेल, तर इलेक्ट्रिकचा आवाज हा मुद्दा अजिबात बारका नाही.

मग इलेक्ट्रिक बर्र कुणी घ्यावा? घरात तिघं-चौघं रोज कॉफी पितात त्यांनी. साठ ग्रॅम बिया हाताने दळणं म्हणजे व्यायामच. मनगट किंवा खांदा दुखणाऱ्यांनी आणि हलक्या भाजणीच्या बिया आणणाऱ्यांनीही. हलकी भाजलेली बी इतकी टणक असते की हातग्राइंडर मध्येच अडतो. अशांनी मात्र चांगलाच घ्यावा, अर्धवट नको. या वर्गातलं जगभर नाव घेतलं जाणारं यंत्र म्हणजे बराट्झा एन्कोर. बारीक-जाड करायच्या चाळीस पायऱ्या, ४० मिलिमीटरची शंकू-कडी, आणि मोटरचा वेग गिअरने कमी करून कडी मिनिटाला काही शे फेऱ्यांवर आणलेली. वेग कमी म्हणून बिया तापत नाहीत. आपल्याकडे ते महागच पडतं. पण त्याचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग कंपनी विकते, आणि माझ्या मते किमतीचं निम्मं समर्थन त्यातच आहे.

एस्प्रेसोचं मशीन घरी असेल तर गणित आणखी पुढे जातं. ९ बार दाबाचं पाणी पंचवीस-तीस सेकंदांत पावडरमधून जायला हवं, आणि दळणात केसभर फरक पडला तर ते पंधरा सेकंदांत धावतं किंवा अडूनच बसतं. साध्या घरगुती ग्राइंडरच्या पायऱ्या इतक्या बारीक नसतात. एस्प्रेसोसाठी म्हणून वेगळी बनवलेली यंत्रं असतात, तीच बघावीत. मोका पॉट (गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं) आणि फ्रेंच प्रेस (दट्ट्याने गाळ खाली दाबायचं भांडं) वापरणाऱ्यांनी ही काळजी सोडून द्यावी. मोकाला बारीक रव्याएवढं, फ्रेंच प्रेसला जाड रव्याएवढं दळण चालतं, आणि एवढं कुठलाही धड बर्र देतो.

घरी आणल्यावर

इलेक्ट्रिक बर्र जाडावरून बारीककडे वळवताना मोटर चालू ठेवा. बंद यंत्रात फट कमी केली की कड्यांत अडकलेल्या बिया दाबल्या जातात, आणि बटण दाबल्यावर मोटर नुसती घुमते. बारीककडून जाडाकडे जाताना हा प्रश्न येत नाही.

फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत पावडर डब्याच्या कडांना चिकटते, ओट्यावर उडते. ही घर्षणाने तयार होणारी स्थिर वीज. उपाय अगदी साधा: दळायच्या आधी बियांवर पाण्याचा एक थेंब टाकायचा आणि चमच्याच्या मागच्या टोकाने ढवळायच्या. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये याचा रीतसर अभ्यास प्रसिद्ध केला. बियांत ओलावा जास्त असेल तर स्थिर वीज कमी तयार होते, असं त्यांना दिसलं. थेंब म्हणजे थेंबच. बिया भिजवल्या तर कड्यांवर लगदा बसतो.

जुलैत नेमकं उलटं. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावरून वाहत असते तेव्हा घरातली हवाही ओलसर असते, पावडरचे गोळे होतात, आणि उन्हाळ्यात छान जमलेली पायरी पावसाळ्यात तशीच चालेल याची खात्री नसते. डिकॉक्शन रेंगाळायला लागलं तर दळण एक-दोन पायऱ्या जाड करा. यंत्राच्या वरच्या भांड्यात पाव किलो बिया ओतून ठेवायची सवय निदान या चार महिन्यांत तरी मोडा. लागतील तेवढ्याच मोजून घाला, बाकीच्या घट्ट झाकणाच्या डब्यात.

महिन्यातून एकदा कडी काढून कोरड्या ब्रशने साफ करायची. वरचं कडं फिरवून बाहेर काढलं की दात्यांच्या मुळाशी तपकिरी, तेलकट थर घट्ट बसलेला दिसतो. नखाने खरवडून वास घ्या, खवट शेंगदाण्याचा येईल. रोजच्या कपात तोच वास थोडा थोडा उतरत असतो. काळपट, तुकतुकीत भाजणीच्या बिया वापरत असाल तर हा थर लवकर धरतो. पाणी लावू नका. तांदूळ दळून सफाई करायची युक्ती पात्याच्या यंत्राला चालते. बर्रमध्ये कच्चा तांदूळ टाकू नये, तो मोटरवर ताण आणतो. आणि सुट्या बिया आणल्यात तर दळायच्या आधी ताटात पसरून एक नजर टाका. बिया उघड्या अंगणात वाळतात, खडा निघू शकतो, आणि एका खड्याने कड्याचा दाता तुटतो.

बिघडल्यावर कोण बघणार

या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान. शिवाजी उद्यमनगरात मोटर भरून मिळते, कार्बन बदलून मिळतात, बुश लेथवर काढून मिळतो. मिक्सर आणि पात्याचे साधे ग्राइंडर तिथे पुन्हा उभे राहतात. बर्रची कडी मात्र तशी करून मिळणार नाहीत; त्यांच्या दात्यांचा कोन आणि धार हेच सगळं यंत्र. म्हणून इलेक्ट्रिक बर्र घेताना कडी सुटी मिळतात का, हा प्रश्न वॉरंटीच्या आधी विचारा. ‘मिळतील ना साहेब’ हे उत्तर धरू नका. सुट्या भागाचं पान उघडून किंमत दाखवायला सांगा.

आणि भाचा अमेरिकेहून येताना ग्राइंडर आणणार असेल तर त्याला आधीच फोन करा. तिथली यंत्रं १२० व्होल्टवर चालतात, आपल्याकडे २३०. पिनचा अडॅप्टर लावून सरळ सॉकेटला जोडलं तर मोटर जळते. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, तो ओट्यावर जागा अडवतो आणि ग्राइंडरच्या वॅटपेक्षा जास्त क्षमतेचा लागतो. हातग्राइंडर आणायला सांगा, तो बॅगेतही मावतो.

ग्राइंडर न घेण्याची वाट

दुधाची फिल्टर कॉफी, दिवसातून एकदा, घरात दोघं जण: एवढंच असेल तर मी तुम्हाला काहीच विकत घ्यायला सांगणार नाही. चिकमगळूर-बंगळूरचे बहुतेक रोस्टर, म्हणजे बिया भाजून विकणारे, ऑर्डर देतानाच दळण कुठलं हवं ते विचारतात. दाक्षिणात्य फिल्टरचं निवडा, भाजल्याची तारीख बघा आणि पंधरा दिवसांत संपेल एवढंच मागवा. तयार मिश्रण घेत असाल तर पाकिटावर चिकोरीचं प्रमाण वाचा. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते, म्हणजे ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी असू शकते. ज्या पाकिटात निम्मी चिकोरी आहे त्याच्या चवीसाठी ग्राइंडरवर पंधरा हजार घालणं हा शुद्ध वेडेपणा. ते पैसे आधी बियांवर घाला. चिकोरी हवीच असेल तर सुटी पूड आणून दळल्यानंतर मिसळा, दहा-वीस टक्क्यांच्या आत. भाजलेल्या चिकोरीचे तुकडे मात्र बियांसोबत बर्रमध्ये टाकू नका.